अधिस्वीकृतीची कसोटी आणि कृषिदूताची दैनंदिनी

कृषी महाविद्यालयात अधिस्वीकृतीचे वर्ष उजाडले, की प्रथम कपाटे उघडतात. हजेरीपत्रके, प्रात्यक्षिकांच्या नोंदवह्या, प्रयोगशाळेतील उपकरणांच्या याद्या, माजी विद्यार्थ्यांच्या नोकरी-व्यवसायाचा तपशील, असे सारे जमवून स्वयंमूल्यमापन अहवाल सिद्ध होतो. तो राष्ट्रीय कृषी शिक्षण अधिस्वीकृती मंडळाकडे गेल्यावर तज्ज्ञांचे पथक प्रत्यक्ष पाहणीस येते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९९६ मध्ये उभारलेल्या या व्यवस्थेशी परिषदेचे विकास अनुदान जोडलेले आहे. विद्यार्थ्यांचेही हित यात गुंतलेले असते: अधिस्वीकृती नसलेल्या संस्थेच्या पदवीधराला परिषदेच्या प्रवेशपरीक्षेतून पदव्युत्तर शिक्षणाकडे जाण्याची वाट बंद होते.

या तयारीचा भार बहुधा तरुण सहायक प्राध्यापकांवर पडतो. जेथे पदे रिक्त आहेत, तेथे तीच व्यक्ती दिवसा तास घेते, प्रक्षेत्रावरील मजुरांची हजेरी पाहते आणि रात्री तक्ते भरते. भिंतींना रंग देऊन इमारत उजळते. शिक्षकांची रिक्त पदे मात्र तक्त्यात तशीच उघडी राहतात. या एका बाबतीत महाविद्यालयाच्या हाती फारसे काही नसते, आणि नेमकी तीच उणीव अध्यापनाला सर्वाधिक जाचते.

विद्यार्थ्यांना आरंभी ही पाहुण्यांसाठीची आवराआवर वाटते. पथक त्यांच्याशीच बोलू लागले, की चित्र पालटते. मातीचा नमुना स्वतः किती वेळा काढला? ग्रामीण कृषी कार्यानुभवात गावी काय केले? अशा प्रश्नांना पाठ केलेली उत्तरे पुरत नाहीत.

कृषिदूत आणि कृषिकन्यांची दैनंदिनी येथे कामास येते. गावाचा नकाशा, बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक, यजमान शेतकऱ्याचा पीकखर्च यांची नोंद ज्या त्या दिवशी झाली असेल, तर ती अधिस्वीकृतीच्या कोणत्याही सुबक तक्त्याहून बोलकी ठरते. सत्राअखेरीस एका बैठकीत उतरवलेली दैनंदिनीही ओळखू येते. शाई एक, अक्षराची घाई एक आणि पाऊस कुठेच नाही.

यात विस्तार कार्यकर्ते व यजमान शेतकरी यांचाही वाटा आहे. दैनंदिनीवर नुसती सही करण्याऐवजी ‘बीजप्रक्रिया केली, तरी उगवण विरळ, पेरणी खोल गेली’ एवढी ओळ शेतकऱ्याने लिहिली, तर विद्यार्थ्याला पुढच्या भेटीत विचारण्यासारखे काही मिळते आणि शिक्षकाला वर्गात मांडण्यासारखे.