लघुकथेचीं अंगें

गोष्टी वाचणें म्हणजे वेळ दवडणें, असा समज पुष्कळ सुशिक्षित घरांतून अजूनही आढळतो. आणि मासिक हातीं पडतांच त्याच घरांतील वडीलधारीं माणसें प्रथम गोष्टीचेंच पान उघडतात, हेंही तितकेंच खरें. एवढी गोडी असूनही ‘ही गोष्ट चांगली कां?’ असें विचारलें तर ‘मनाला लागली’ यापलीकडे उत्तर मिळत नाहीं. गवयाच्या सुरांची पारख असणाऱ्या घरांत गोष्टीची पारख नसावी, हें शोभणारें नाहीं. म्हणून लघुकथेच्या मुख्य अंगांचा येथें थोडक्यांत विचार करूं.

कथेची परंपरा आमच्या या मुलखाला नवी नाहीं. अंबरनाथ येथें वालधुनीच्या काठीं उभें असलेलें शिवमंदिर शिलाहार राजा मुम्मुणि याच्या कारकीर्दींतील; तेथील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. या मुम्मुणीचा, तसाच त्याच्या आधीं राज्य केलेल्या छित्तराज व नागार्जुन या त्याच्या भावांचा, आश्रय सोड्ढल नांवाच्या कवीला लाभला होता. त्याची ‘उदयसुंदरीकथा’ ही संस्कृत कृति आज उपलब्ध आहे. तिच्यांत प्रतिष्ठानचा राजा मलयवाहन नायक व नागकन्या उदयसुंदरी नायिका. आठ उच्छ्वासांचा विस्तार, गद्यांत मिसळलेलीं पद्यें आणि वर्णनांची रेलचेल. त्याच शतकांत काश्मिरांत सोमदेवानें राणी सूर्यमतीच्या मनोविनोदासाठीं ‘कथासरित्सागर’ रचिला. त्यांत एका गोष्टीच्या पोटांत दुसरी व दुसरीच्या पोटांत तिसरी. या ग्रंथांची थोरवी निर्विवाद आहे. तथापि त्यांना आपण लघुकथा म्हणत नाहीं. कां?

कारण लघुकथेचें खरें लक्षण एकाग्रता हें आहे. आखूडपणा हा तिचा परिणाम. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो यानें १८४२ सालीं हॉथॉर्नच्या गोष्टींचें परीक्षण करतांना असें प्रतिपादिलें कीं, एका बैठकींत वाचून होणाऱ्या गोष्टीनें मनावर एकच ठसा उमटवावा व तिच्यांतील प्रत्येक शब्द त्याच कामीं यावा. मराठींत हरिभाऊ आपटे यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ पत्र काढून स्फुट गोष्टींना हक्काचें स्थान दिलें. दुष्काळावरील ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही त्यांची गोष्ट नामांकित आहे. १८९५ मध्यें निघालेल्या ‘मनोरंजन’ मासिकानें गोष्टीला घरोघर नेलें. पुढें १९२२ मध्यें दिवाकर कृष्ण यांची ‘अंगणांतला पोपट’ आली, आणि गोष्टीचा रोख बाहेरच्या घटनांकडून मनांतल्या व्यथेकडे वळला.

आतां अंगें पाहूं, व त्यासाठीं एक काल्पनिक उदाहरण घेऊं. अंबरनाथच्या एका एकत्र कुटुंबांतील थोरल्या काकांची कारखान्यांतली नोकरी सुटली. घरीं त्यांनीं सांगितलें नाहीं. रोज सकाळीं ते डबा घेऊन निघतात, गाडीनें बदलापूरला जाऊन उल्हास नदीच्या काठीं बसतात व संध्याकाळीं परततात.

ही झाली हकीकत. तिचें कथानक व्हावयास कार्यकारणभाव हवा. ‘घर माझ्यावर चाललें आहे’ या अभिमानामुळें काका बोलत नाहींत, असें म्हटलें कीं कथानकही आलें व स्वभावरेखाही आली; काका मोकळ्या मनाचे असते तर गोष्टच उरली नसती. संघर्षाला शत्रूच लागतो असें नाहीं. येथें तो अभिमान आणि माया यांच्यामधला आहे. स्थळकाळही शोभेपुरता नसावा. फलाटावर पावलोपावलीं ओळखीचीं माणसें भेटतात, म्हणूनच हें गुपित टिकविणें अवघड होतें.

यानंतर कसोटीचा प्रश्न: हें सांगावयाचें कोणीं? काकांनीं स्वतः सांगितलें तर तें गाऱ्हाणें होण्याचा धोका. सर्वज्ञ लेखकानें सांगितलें तर गुपित पहिल्याच पानावर फुटण्याचा. आठ वर्षांच्या पुतण्यानें सांगितलें, तर त्याला इतकेंच दिसेल कीं काकांच्या वहाणांना हल्लीं वाळू लागलेली असते. मुलाला अर्थ कळत नाहीं, वाचकाला कळतो. या दोहोंमधील अंतरांत गोष्टीचा जीव आहे.

संवादाचें काम जितकें बोलण्याचें, तितकेंच न बोलण्याचें. एके सकाळीं काकू डबा न देतां म्हणतात, “आज दुपारीं घरींच जेवा. गरम वाढीन.” त्यांना केव्हांपासून सारें ठाऊक होतें, हें एवढ्यांत आलें. येथें गोष्ट संपली. पुढें काकूंच्या सहनशीलतेवर एक परिच्छेद जोडला तर गोष्टीचें प्रवचन होईल. आशय गोष्टीच्या अंगांत रक्तासारखा वाहावा. कपाळावर टिळ्यासारखा लावूं नये.

अशा अंगांचें शास्त्र करावें कीं नाहीं, याविषयीं मतभेद आहेत. ना. सी. फडके यांनीं रचनेच्या तंत्रावर भर दिला. १९४५ च्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर प्रभृतींनीं ती चौकट सैल केली, व ठसठशीत कलाटणी नसलेली गोष्टही गोष्टच असते हें दाखविलें. भरतानें कार्याच्या आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति व फलागम अशा पांच अवस्था सांगितल्या, तरी त्याच्या शास्त्रांत सर्वांहून वर मान आहे तो रसाला. तंत्र शिकावें, पण तें रसाच्या सेवेला लावावें, हेंच मत मला ग्राह्य वाटतें.

ही पारख केवळ मनोरंजनाची बाब नव्हे. फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं कुटुंबें कल्याणजवळच्या लष्करी बराकींत राहिलीं, व १९४९ मध्यें त्या वसाहतीला उल्हासनगर हें नांव मिळालें. शेजारीं राहूनही आपण त्यांची कथा बहुधा आंकड्यांत ऐकली. आणि आंकड्याला चेहरा नसतो. साहित्य अकादमीचा १९८६ चा पुरस्कार मिळविणाऱ्या सुंदरी उत्तमचंदानी यांच्यासारख्या सिंधी लेखिकांनीं तें दुःख एकेका घराच्या, एकेका स्त्रीच्या गोष्टींत आणिलें, तेव्हां त्याला चेहरा आला.

म्हणून रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरांत एक गोष्ट मोठ्यानें वाचावी, व मुलांना तीनच प्रश्न विचारावे: ही गोष्ट कोणाच्या डोळ्यांनीं पाहिली? लेखकानें काय सांगितलें नाहीं? कोणतें वाक्य गाळलें तरी चाललें असतें? ज्या घरांत ही संवय लागेल, तेथील मुलांना पुढें आपल्याच माजघरांतल्या अबोल माणसाचें मन ओळखतां येईल. गोष्ट वाचण्याचा याहून मोठा लाभ मला तरी ठाऊक नाहीं.