बंद पेटीचा समुद्रप्रवास

नाशिकहून मुंबईकडे येणाऱ्या हमरस्त्यावर माघ-फाल्गुनांत कोणी घटकाभर उभा राहिला, तर त्यास लांबलचक मालमोटारींवर लादलेल्या प्रचंड पांढऱ्या पेट्या एकामागून एक जातांना दिसतील. पेटीच्या एका टोंकास यंत्र घरघरत असतें. दुसऱ्या टोंकास दोन उंच दारें असतात, आणि त्या दारांच्या कडींत जाड खिळ्यासारखें एक सील ठोकलेलें असतें. आंत द्राक्षें आहेत. निफाड किंवा दिंडोरी तालुक्यांतील एखाद्या मळ्यांतून तीं निघालीं असून, कांहीं आठवड्यांनीं हॉलंडांतील रॉटरडॅम बंदरांत पोंचावयाचीं आहेत. मधल्या काळांत तीं सहसा कोणाच्या दृष्टीस पडावयाचीं नाहींत; मोटार हांकणाऱ्याच्या नाहीं, आणि जहाजाच्या कप्तानाच्याहि नाहीं. ह्या न उघडण्यांतच त्या पेटीची सारी करामत आहे, आणि तिचा सारा धोकाहि त्यांतच आहे. तो कसा, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें योजिलें आहे. ह्या पेटीस सर्व जगांत ‘कंटेनर’ म्हणतात, म्हणून आपणहि तोच शब्द वापरूं.

पूर्वीं परदेशीं माल जाई तो सुटा. कापसाच्या गांठी, तेलबियांच्या गोणी, कातड्यांचे भारे, चहाचीं खोकीं, तेलाचीं पिंपें. ज्याची त्याची आकृति निराळी आणि उचलण्याची तऱ्हाहि निराळी. मुंबईस १८८० सालीं प्रिन्सेस डॉक, १८८८ सालीं व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ सालीं अलेक्झांड्रा डॉक अशा तीन मोठ्या गोद्या झाल्या, व त्यांवर हजारों मजुरांचीं कुटुंबें पोसलीं. हातांत लोखंडी आंकडा, पाठीवर गोणी, आणि मुकादमाची हांक, असा तो दिवसभराचा क्रम असे. माल दोरांच्या झोळींत भरावयाचा, यारीनें उचलून जहाजाच्या पोटांत सोडावयाचा, तेथें तो पुन्हां हातांनीं नीट रचावयाचा, आणि पैलतीरीं हाच खटाटोप उलट क्रमानें करावयाचा. जहाज समुद्रांत जितके दिवस चाले, जवळजवळ तितकेच दिवस कित्येकदां तें धक्क्याला बांधून पडे. वाटेंत कांहीं माल फुटे, कांहीं भिजे, आणि कांहींस पाय फुटत! सुटा माल एकत्र भरण्यांत किती भय असतें, हें मुंबईनें १४ एप्रिल १९४४ रोजीं पाहिलें. व्हिक्टोरिया डॉकमध्यें ज्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्याच्या पोटांत स्फोटक द्रव्यें, कापसाच्या गांठी व तेलाचीं पिंपें बरोबरच भरलेलीं होतीं. शेंकडों माणसें त्या दिवशीं मेलीं.

ह्या सुट्या मालाच्या त्रासावर तोड काढणारा मनुष्य दर्यावर्दी नव्हता, तर मालमोटारींचा धनी होता, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. माल्कम मॅक्लीन हें त्याचें नांव. अमेरिकेंतील उत्तर कॅरोलिना प्रांतांत १९१३ सालीं जन्मलेल्या ह्या गृहस्थानें असा विचार केला कीं, मोटारींतील माल एकेक उतरवून जहाजांत भरण्यापेक्षां मोटारीचा डबाच कां उचलूं नये? चाकें जमिनीवर राहूं द्यावीं आणि डबा तेवढा समुद्रावर जावा. त्याप्रमाणें २६ एप्रिल १९५६ रोजीं ‘आयडियल एक्स’ नांवाचें एक जुनें तेलवाहू जहाज डेकवर ५८ डबे घेऊन न्यूअर्क येथून ह्यूस्टनकडे निघालें. त्या काळीं सुटा माल जहाजावर चढविण्यास टनामागें ५ डॉलर ८३ सेंट खर्च येई. ह्या डब्यांच्या बाबतींत तो १६ सेंटांच्याहि आंत आला, असा त्याच्या माणसांनीं हिशेब केला. इतकी तफावत पाहिल्यावर जगास दुसऱ्या प्रमाणाची गरज उरली नाहीं.

तथापि नुसता डबा असून भागत नाहीं. एकाचा डबा दुसऱ्याच्या जहाजावर, तिसऱ्याच्या यारीस आणि चौथ्याच्या मोटारीवर तंतोतंत बसला पाहिजे. त्यासाठीं निरनिराळ्या राष्ट्रांच्या तज्ज्ञांनीं १९६० नंतरच्या दशकांत बसून मापें ठरविलीं. हल्लींचा सामान्य लहान कंटेनर २० फूट लांब, ८ फूट रुंद आणि ८॥ फूट उंच असतो. मोठ्याची लांबी ४० फूट. पेटीच्या आठहि कोपऱ्यांस पोलादी ठोकळे असून त्यांस लांबट भोंकें असतात. यारीचे खुंटे ह्याच भोंकांत शिरून फिरतात व पेटी उचलतात. जहाजावर एकावर एक पेट्या रचल्या म्हणजे त्याहि ह्याच भोंकांतून परस्परांस जखडतात. रंगरूप कसेंहि असो, कोपरे मात्र जगभर एकाच मापाचे! आज सर्वांत मोठीं जहाजें सुमारें ४०० मीटर लांब असून वीसफुटी मापाच्या २४,००० हून अधिक पेट्या घेतात. तितक्या पेट्या एका रांगेंत मांडल्या, तर मुंबईहून निघालेली ती रांग पुण्याच्या आसपास पोंचेल.

गणिताची आवड असलेल्या विद्यार्थिमित्रांसाठीं येथें थोडें विषयांतर करतों. प्रत्येक कंटेनरवर चार रोमन अक्षरें, सहा आंकडे आणि शेवटीं चौकटींत एक आंकडा लिहिलेला असतो. हा शेवटचा आंकडा म्हणजे पहिल्या दहांचा पहारेकरी होय. ए ह्या अक्षराचें मोल १०, बी चें १२, सी चें १३, असें धरून पुढें चालावें. मात्र ११, २२ व ३३ हे अंक वगळावे. मग डावीकडून अनुक्रमें १, २, ४, ८ असे दुप्पट होत जाणारे गुणक लावून बेरीज करावी व तीस ११ नें भागावें. बाकी उरेल तोच शेवटचा आंकडा. (बाकी १० आली तर शून्य लिहितात.) सी-एस-क्यू-यू ३०५४३८ ह्या क्रमांकाची बेरीज ६१८५ येते व बाकी ३ उरते, म्हणून चौकटींत ३ पाहिजे. कारकुनाच्या हातून एखादा आंकडा चुकला, तर बाकी जुळत नाहीं व चूक तेथेंच पकडली जाते. क्रमांकाची चूक अशी पकडतां येते. आंतल्या मालाबद्दलची लबाडी मात्र कोणत्याहि भागाकारानें पकडतां येत नाहीं. त्याकडे पुढें येऊं.

आपल्याकडे ह्या पेट्यांसाठीं मुंबईसमोर, खाडीपलीकडे उरण तालुक्यांत न्हावा-शेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदर बांधण्यांत आलें व २६ मे १९८९ रोजीं तें सुरू झालें. आज भारतांतील कंटेनरांच्या व्यापारांत तें अग्रगण्य आहे. पण ह्या यशाच्या जमाखर्चाला दुसरी बाजूहि आहे. बंदरासाठीं शेवा कोळीवाड्यांतील लोकांस आपलीं घरें सोडून जावें लागलें. आणि ज्या गोद्यांत पिढ्यान्‌पिढ्या माणसांनीं पाठीवर ओझीं वाहिलीं, तेथलें काम ओसरत गेलें. शंभर मजुरांचें काम चार यंत्रें करूं लागल्यावर मजुरांनीं कोठें जावें, ह्याचें उत्तर लंडन, न्यूयॉर्क वा मुंबई ह्यांपैकीं कोणत्याहि बंदरास धड देतां आलें नाहीं. वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं गोदींत काम केलेल्या आजोबांच्या गोष्टी अजून सांगत असतील. त्या ऐकून ठेवण्यासारख्या आहेत.

आतां आपल्या द्राक्षांकडे वळूं. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, थंड कंटेनर म्हणजे माल थंड करणारें कपाट. वस्तुतः तसें नाहीं. त्याच्या यंत्राचें काम थंड केलेला माल थंड राखणें हें होय. उन्हांत तापलेलीं द्राक्षें आंत कोंबलीं, तर तें यंत्र हतबल होतें. म्हणून द्राक्षें सकाळच्या गारव्यांत तोडतात, निवडून लहान खोक्यांत भरतात, आणि पॅकहाउसच्या शीतगृहांत कांहीं तास ठेवून त्यांची उष्णता शून्य अंशाच्या जवळपास आणतात. खोक्यांत बुरशी लागूं नये म्हणून गंधकाचा वायु हळूहळू सोडणारा एक कागद घालतात. मग खोकीं कंटेनरांत अशीं रचतात कीं, खालच्या पन्हळींतून येणारी गार हवा सगळ्यांमधून वर खेळावी. वाटेंत मोटारीवरील यंत्रानें, बंदरांत धक्क्यावरील विजेनें आणि जहाजांत जहाजाच्या विजेनें हा गारवा चालू ठेवावा लागतो. एका रात्रीं कोणी तार जोडावयास विसरला, तर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचें पाणी होतें. १८३३ सालीं बॉस्टनहून कलकत्त्यास ‘टस्कनी’ जहाजानें बर्फ आला, तेव्हां निघतांना १८० टन असलेला तो बर्फ पोंचेपर्यंत सुमारें १०० टन उरला होता, आणि तरीहि लोकांनीं तो चमत्कार मानला! द्राक्षांच्या व्यापाऱ्यास इतकी घट परवडत नाहीं.

दार लागलें, सील ठोकलें, कीं पेटीचा ताबा माणसाकडून कागदाकडे जातो. जहाजकंपनी ‘बिल ऑफ लेडिंग’ नांवाचा दस्तऐवज देते. माल मिळाल्याची पावती, वाहतुकीचा करार आणि मालावरील हक्काचा पुरावा, अशीं तिन्हीं कामें तो एकटा करतो. पण त्यांत एक बारीकसें वाक्य असतें, तें पालकमंडळींनीं मुद्दाम ध्यानांत घ्यावें. पेटींत अमुक माल आहे असें कंपनी म्हणत नाहीं. पाठविणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणें आंत अमुक माल आहे, एवढेंच ती लिहिते. तिनें दार उघडलेलें नसतें. ती लिहिणार तरी काय? परदेशीं घरसामान पाठविणाऱ्या कुटुंबानेंहि सामानाची यादी स्वतः नीट करावी, ती ह्याचसाठीं.

हें सांगणें खोटें निघालें म्हणजे काय होतें, ह्याचा दाखला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर मिळाला. १८ जानेवारी १९०७ नव्हे, तर अगदीं अलीकडे, १८ जानेवारी २००७ रोजीं ‘एमएससी नापोली’ ह्या कंटेनरवाहू जहाजाचें अंग वादळी समुद्रांत चिरलें. २६ खलाशी जीवनौकेंत उतरले व सर्व वांचले. जहाज किनाऱ्याजवळ उथळ पाण्यांत आणून बसविल्यावर चौकशी करणाऱ्यांनीं डेकवरील ६६० पेट्यांचें वजन तपासलें. तेव्हां १३७ पेट्यांचें खरें वजन कागदावरील वजनाहून तीन टनांपेक्षां अधिक भिन्न निघालें; एका पेटींत तर ही तफावत २० टनांची होती. जहाज चिरण्यास त्याची घडणहि कारण झाली, सारा दोष वजनांवर टाकतां येणार नाहीं. पण जड पेटी वर व हलकी खालीं रचली गेली, तर जहाजाचा तोल कसा राहावा? पुढें १ जुलै २०१६ पासून सर्व राष्ट्रांत असा नियम झाला कीं, भरलेल्या पेटीचें तपासलेलें वजन कळविल्यावांचून ती जहाजावर चढवूं नये. वजन दोन रीतींनीं काढतां येतें: भरलेली पेटीच कांट्यावर घालावी, अथवा आंतील प्रत्येक जिन्नस तोलून त्यांत रिकाम्या पेटीचें वजन मिळवावें. अदमास चालत नाहीं.

वजनाची ही कथा, तर मालाची त्याहून कठीण. २०२१ सालच्या मे महिन्यांत ‘एक्स-प्रेस पर्ल’ जहाजावर कोलंबोजवळ आग लागली. त्यावरील १,४८६ पेट्यांपैकीं कांहींत मिळून २५ टन नायट्रिक ॲसिड होतें, व एका पेटींतून तें वाटेंतच गळूं लागलें होतें. जून महिन्यांत जहाज बुडालें. त्यांतील प्लॅस्टिकचे बारीक मणी श्रीलंकेच्या वाळूंत मैलोगणती पसरले, मेलेलीं कांसवें किनाऱ्यास लागलीं, आणि तेथील कोळ्यांची मासेमारी बंद पडली. ज्यांनीं ती पेटी भरली नव्हती, पाहिलीहि नव्हती, त्यांच्या चुली त्यामुळें विझल्या.

मालाचें पाप वाटेंतच उघडकीस येतें असेंहि नाहीं. २०१० सालीं आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट नांवाच्या औषधाचा अंश युरोपीय मर्यादेहून अधिक आढळला. वेलीची वाढ आवरण्यासाठीं तें फवारलें जाई. द्राक्षें थंड होतीं, सील शाबूत होतें, जहाज वेळेवर पोंचलें होतें. तरी माल नाकारला गेला, आणि शेतकरी व निर्यातदार ह्या दोघांसहि मोठा फटका बसला. तेव्हांपासून तपासणीच्या यादींत त्या औषधाची भर पडली. प्रत्येक खोकें कोणत्या मळ्यांतलें, हें आज नोंदीवरून शोधतां येतें.

वाटेची शाश्वतीहि नेहमीं नसते. न्हावा-शेव्याहून अरबी समुद्र, बाबेल मांडेब, तांबडा समुद्र आणि १८६९ सालीं खुला झालेला सुवेझचा कालवा, असा युरोपचा जवळचा मार्ग. २३ मार्च २०२१ रोजीं ‘एव्हर गिव्हन’ हें जहाज त्या कालव्यांत आडवें अडकलें आणि सहा दिवस दोन्हीं बाजूंस शेंकडों जहाजें खोळंबलीं. डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रांत जहाजांवर हल्ले वाढल्यानें पुष्कळ कंपन्यांनीं आफ्रिकेस वळसा घालून केप ऑफ गुड होपचा, म्हणजे वास्को द गामाचा जुना मार्ग धरला. प्रवास दहा ते चौदा दिवसांनीं वाढला आणि भाडेंहि चढलें. लोखंडास वा यंत्रास ह्याचें कांहीं वाटत नाहीं. पण २०२४ च्या हंगामांतील द्राक्षांचें आयुष्य तर मोजकेंच होतें.

असो. पेटी रॉटरडॅमला उतरली म्हणजे प्रथम सीलचा क्रमांक कागदाशीं ताडून पाहतात. जुळला तर मोठ्या कातरीनें तें सील तोडतात व दार उघडतात. यंत्रानें वाटेंतील तपमानाची नोंद ठेवलेली असते, तीहि वाचतात. मग तपासनीस एक खोकें घेऊन प्रथम मण्यांकडे पाहत नाहीं, घडाच्या देंठाकडे पाहतो. देंठ हिरवा असेल तर माल ताजा. तपकिरी पडला असेल तर भाव उतरतो. तो भाव त्याच दिवशीं फोनवरून निफाडास कळतो, आणि रिकामी पेटी धुऊन पुढच्या मालासाठीं रांगेंत उभी करतात.