घरात पिकतं ते आधी घरात ठेवा, मग बाजाराचा रस्ता धरा

कापसाचा चुकारा मिळाला, सोयाबीन विकलं, संत्र्याचा बगीचा व्यापाऱ्याला दिला, तरी पोळ्यापर्यंत हातात दमडी उरत नाही. नागपूर जिल्ह्यातल्या कोणत्याही गावच्या पारावर ही तक्रार ऐकायला मिळते. भाव पडतो, पाऊस दगा देतो, कर्जाचा हप्ता थांबत नाही. ही कारणं खरीच आहेत आणि त्यांच्यावर घरच्या काटकसरीचा इलाज नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण आणखी एक गळती आहे, ती आपल्याच घरात आहे, आणि ती बुजवायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

शेतकऱ्याच्या घरात पैसा येतो वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. खर्च मात्र दर आठवड्याला असतो. मधल्या काळात घर किराणा दुकानाच्या खात्यावर चालतं. उधारीवर माल घेणाऱ्याला भाव विचारता येत नाही, की मालाची निवड करता येत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत तूर विकणारा शेतकरी भादव्यात तीच तूर डाळ होऊन आल्यावर दुकानातून किलो-किलोने विकत घेतो. माल आपल्या वावरातला, पण मधला नफा दुसऱ्याचा. म्हणून जास्त पिकवण्याइतकंच घरातलं राखणं महत्त्वाचं आहे.

हा विचार आपल्या भागाला नवा नाही. नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं. अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. तेलाची सुधारित घाणी, हातकागद, मधमाशीपालन, कमी धुराची चूल असे प्रयोग तिथे झाले. 1938 साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय आजही पाहता येतं. गावात तयार होऊ शकणाऱ्या वस्तूसाठी गावचा पैसा बाहेर जाऊ नये, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. आज जमाना बदलला. मोबाईलचं रिचार्ज आणि मोटारसायकलचं पेट्रोल घरात पिकत नाही. पण स्वयंपाकघराचा बराचसा भाग अजूनही वावरातून भरता येतो.

आधी वही, मग उपाय

शंभर पानी वही घ्या आणि एक महिना घरात येणारी प्रत्येक विकतची वस्तू लिहा. खर्राही लिहा, चहापत्तीही लिहा. महिना संपला की प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक खूण करा: घरात होऊ शकते, गावात मिळू शकते, बाहेरूनच घ्यावी लागते. मीठ, औषध, शाळेची फी, वीजबिल तिसऱ्या रकान्यात जाईल. डाळ, तिखट, हळद, भाजी, अंडी, काही प्रमाणात तेल आणि इंधन पहिल्या दोन रकान्यांत येईल. वही घरच्या बाईच्या हाती असली तर अधिक चांगलं, कारण खरा खर्च तिलाच ठाऊक असतो. तिसऱ्या रकान्याची चिंता सध्या सोडा. पहिल्या रकान्यातली एक वस्तू निवडा आणि तिथून सुरुवात करा.

वर्षाची डाळ

पाच माणसांच्या घराला रोज पाव किलो डाळ धरली तर वर्षाला साधारण 90 किलो लागते. घरी किंवा लहान गिरणीवर तुरीची डाळ सरासरी 70 टक्के पडते. म्हणजे सव्वा ते दीड क्विंटल तूर घरासाठी बाजूला काढली की वर्षाची सोय झाली. वर मिळणारी चुनी आणि कोंडा जनावरांच्या उपयोगी पडतो.

जात्यावर डाळ भरडणं कष्टाचं आहे, आणि ते सगळं घरच्या बाईवर टाकून केलेली बचत खरी बचत नव्हे. यासाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पीकेव्ही मिनी डाळ मिल तयार केली आहे. विदर्भात अनेक ठिकाणी बचत गट ती चालवतात. तुमच्या गावात नसेल तर शेजारच्या गावात चौकशी करा. दहा-पंधरा घरांनी एकदम तूर नेली तर भाडंही वाटून जातं.

साठवणुकीत एक गोष्ट लक्षात ठेवा. तुरीला किंवा हरभऱ्याला लागणारा भुंगा सबंध दाण्यावर अंडी घालतो. फोडलेल्या डाळीला तो सहसा लागत नाही. त्यामुळे तूर कडक उन्हात वाळवून उन्हाळ्यातच डाळ करून घेतलेली बरी. बियाण्यासाठी सबंध दाणा ठेवायचा असेल तर नीट वाळवा आणि भांड्यात भरून वर दोन-तीन इंच कोरड्या बारीक रेतीचा थर द्या. भुंग्याला वर येऊन पुन्हा अंडी घालता येत नाहीत. खायच्या डाळीला एरंडेल तेलाचा हात फिरवण्याची आपल्या आजीची पद्धतही चांगली आहे. धान्याच्या कोठीत सेल्फॉसच्या गोळ्या मात्र कधीही टाकू नका. राहत्या घरात त्या गोळ्यांचा वायू माणसांचा जीव घेतो.

तेल आणि तिखट

देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येतं. तिकडे भाव हलला की आपल्या कढईत हलतो. एके काळी पूर्व विदर्भात घरोघरी जवस होतं. मौदा, रामटेककडच्या धानपट्ट्यात उभ्या धानात जवस फेकून पेरण्याची रीत जुनी आहे. नागपूरच्या कृषी महाविद्यालयातील जवस संशोधनातून एनएल-97, एनएल-260 यांसारखे वाण आले आहेत. रब्बीत हरभऱ्याच्या कडेने जवसाच्या चार ओळी टाकल्या तरी चटणीची आणि थोड्या तेलाची सोय होते. जवसाचं तेल लवकर खवट होतं, म्हणून घाणीवरून एकदम डबाभर काढू नका. महिन्या-दीड महिन्याचं काढा. सगळं तेल घरचं होईल असं नाही, पण पिंपातलं निम्मं झालं तरी पुष्कळ झालं.

तिखटाचं तर सांगायलाच नको. भिवापूरची मिरची भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे आणि आपण पाकिटातलं तिखट आणतो! धुऱ्याच्या कडेला मिरचीची 40-50 रोपं आणि दोन ओळी हळद एवढ्यावर लहान कुटुंबाचा बराच भार हलका होतो.

मोरीचं पाणी आणि परसबाग

पाच माणसांच्या आंघोळीचं पाणी रोज शंभर लिटरच्या आसपास होतं. ते रस्त्यावर सोडलं की चिखल, डास आणि शेजाऱ्याशी भांडण. तेच घरामागे वळवलं की चार केळी, एक पपई, दोन शेवगे आणि अळूचा वाफा जगतो. शेवग्याचा पीकेएम-1 हा वाण बियांपासून येतो आणि वर्षाच्या आत शेंगा देतो. कपडे धुतल्याचं सोड्याचं पाणी मात्र वाफ्यात जाऊ देऊ नका. मोरीचं पाणी सांबार, मेथी, पालक अशा पालेभाजीलाही देऊ नका. त्यासाठी विहिरीचं किंवा नळाचं पाणी ठेवा.

जागा असेल तर अर्धा ते एक गुंठा पुरेसा आहे. मृग लागला की भेंडी, गवार, चवळी लावा. दोडका, कारलं, वाल कुंपणावर चढवा. दिवाळीच्या सुमारास वांगी, टमाटे, मेथी, पालक. उन्हाळ्यात पाणी असेल तर ढेमसे आणि काकडी. सगळ्या बिया एकाच दिवशी टाकल्या तर आठ दिवस भाजी खपत नाही आणि नंतर महिनाभर मिळत नाही. पंधरा दिवसांच्या अंतराने थोडं थोडं पेरा. पाच-सात गावरान कोंबड्या असतील तर अंड्यांचा प्रश्न सुटतो, पण राणीखेत रोगाची लस चुकवू नका. एका साथीत सगळा खुराडा रिकामा होतो.

इंधन: शेणाचा हिशेब

दोन घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण लागतं. गोठ्यात बांधलेली चार-पाच मोठी जनावरं असली तर एवढं शेण मिळतं. एक घनमीटर गोबरगॅस म्हणजे साधारण 430 ग्रॅम एलपीजी. या हिशेबाने दोन घनमीटरच्या संयंत्रातून महिन्याला 25 किलोच्या आसपास, म्हणजे दीड सिलिंडरहून जास्त गॅस निघतो. हिवाळ्यात तो कमी होतो, तरीही पाच माणसांचा स्वयंपाक बहुतेक भागतो. तुमच्या सिलिंडरच्या पावतीवरचा आकडा घ्या आणि वर्षाचा हिशेब स्वतःच मांडा. वर निघणारी स्लरी हे उत्तम खत आहे.

पण गोठ्यात दोनच जनावरं असतील तर मोठं संयंत्र बांधू नका. गावोगावी कोरडे पडलेले खड्डे दिसतात, त्यामागे बरेचदा हेच कारण असतं: बांधकाम झालं, शेण पुरलं नाही.

पऱ्हाट्यांबद्दलही सांगायला हवं. चुलीला पऱ्हाटी फुकट मिळते, म्हणून शेताच्या धुऱ्यावर किंवा घरामागे वर्षभराचा ढीग रचला जातो. त्या ढिगातल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात आपल्याच कापसावर येते. सरपणात शे-दोनशे वाचवून कापसात हजारो घालवल्यासारखं होतं. बोंडं काढून जाळा, लागेल तेवढ्याच पऱ्हाट्या घरी आणा आणि पावसाळ्याआधी संपवा. उरलेल्या श्रेडरने बारीक करून खताच्या खड्ड्यात टाका.

खत आणि बी घरचं

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात जास्त खत करण्याची पद्धत काढली. त्यांच्या नावावरूनच तिला नाडेप म्हणतात. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच असं जाळीदार भिंतीचं विटांचं टाकं. त्यात सुमारे 1400 किलो काडीकचरा, 90 ते 100 किलो शेण, पावणेदोन टन माती आणि भरपूर पाणी थराथराने भरायचं आणि वरून लिंपायचं. तीन ते चार महिन्यांत जवळपास तीन टन खत मिळतं. ज्यांची जनावरं कमी झाली, त्यांच्यासाठी ही पद्धत मुद्दाम सोयीची आहे.

सोयाबीनचं बी दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही. हे सरळ वाणाचं पीक आहे. एकदा प्रमाणित बियाणं आणलं की त्याच्या पिकातलं चांगलं बी दोन-तीन वर्षं वापरता येतं. 2020 च्या खरिपात विकतचं बियाणं न उगवल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या. पेरणीआधी ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवा आणि आठवडाभरात कोंब मोजा. 70 किंवा जास्त उगवले तर एकरी 30 किलो बी पुरे. त्याहून कमी उगवले तर त्या प्रमाणात बी वाढवा. सोयाबीनची साल नाजूक असते, म्हणून पोती आपटू नका आणि उंच थप्पी लावू नका. कापसाच्या संकरित बियाण्याला मात्र हा नियम लागू नाही. त्याचं घरचं बी धरू नका.

जिथे काटकसर करू नये

काही ठिकाणी वाचवलेला पैसा दुप्पट होऊन जातो. पावतीशिवायचं स्वस्त बियाणं घेतलं आणि उगवलं नाही तर तक्रार करायला कागद नसतो. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात तेल, पाणी, धान्य ठेवू नका. फवारणीचे हातमोजे आणि मास्क यांवरही पैसे वाचवू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते विसरण्यासारखं नाही. मुलांचं दूध, म्हाताऱ्यांचं औषध आणि गरोदर बाईचं खाणं हेही या यादीतच धरा.

आणि वहीतल्या सर्वात मोठ्या आकड्याकडे डोळेझाक करू नका. परसबागेत वर्षभर वाचवलेला पैसा एका तेरवीच्या पंगतीत किंवा लग्नाच्या मांडवात एका दिवसात जातो. कर्ज काढून पंगती घालू नका, हे गाडगेबाबा आयुष्यभर कीर्तनातून सांगत फिरले. एकट्या घराला लोकलाज आडवी येते. गावाने मिळून ठरवलं तर कोणा एकाची मान खाली जात नाही. इथे सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील यांचा शब्द कामी येतो. ग्रामसभेत खर्चाची मर्यादा हा विषय घ्या. गावासाठी एक डाळ मिल, एक श्रेडर आणि पंगतीची भांडी यांची मागणी करा. शोषखड्डा, नाडेप टाकं, गोबरगॅस यांना सध्या कोणत्या योजनेतून मदत मिळते ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा. कागदात पडलेली योजना कोणाच्याच कामाची नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, हे सगळं एकाच वर्षात करायला जाऊ नका, एकही धड होणार नाही. यंदा दीड क्विंटल तूर घरात ठेवा आणि मोरीचं पाणी परसात वळवा, एवढंच करा. पुढच्या पोळ्याला किराण्याचं खातं उघडून मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहा. फरक दिसला तर दुसऱ्या वर्षी पुढचं पाऊल टाका. काही अडलं तर गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला बांधावर बोलवा, तो त्याच कामासाठी आहे.