हरवलेला राजा आणि दोन अक्षरं

दिल्लीचं फिरोजशहा कोटला मैदान क्रिकेटवेड्यांना चांगलंच ठाऊक आहे. आता त्याला अरुण जेटली स्टेडियम म्हणतात. पण जुनं नाव ज्या किल्ल्यावरून पडलं, तो कोटला अगदी शेजारीच आहे. तिथल्या एका इमारतीच्या माथ्यावर एक दगडी खांब उभा आहे. उंची सुमारे 13 मीटर, सगळा एकाच दगडाचा, कुठेही सांधा नाही. हात फिरवला तर घसरावा इतका गुळगुळीत, आणि अंगभर अक्षरं कोरलेली.

गंमत म्हणजे हा खांब मुळात दिल्लीचा नाहीच! तो होता आजच्या हरियाणातल्या टोपरा गावाजवळ. चौदाव्या शतकात सुलतान फिरोजशहा तुघलकाला तो दिसला आणि इतका आवडला, की त्यानं तो राजधानीत न्यायचं ठरवलं. पण एवढं मोठं धूड न मोडता न्यायचं कसं?

शम्स-इ-सिराज अफीफ नावाच्या इतिहासकारानं ही हकिकत लिहून ठेवली आहे. खांब हलवला तेव्हा तो अवघा बारा वर्षांचा होता, म्हणजे तुमच्याच वयाचा. त्यानं लिहिलंय, की खांबाभोवती सावरीच्या कापसाचे ढीग रचले. मग बुंध्याची माती उकरली. खांब अलगद कापसावर कलला. कापूस थोडा थोडा काढून घेतला, तसा खांब हळूहळू जमिनीवर टेकला. त्याला बोरू आणि कच्चं कातडं गुंडाळलं आणि 42 चाकांच्या गाड्यावर चढवलं. हजारो माणसांनी दोर ओढत तो यमुनेपर्यंत आणला. पुढचा प्रवास नावांमधून!

खांब दिमाखात उभा राहिला. मग सुलतानानं विद्वानांना बोलावून विचारलं, यावर लिहिलंय तरी काय? सगळ्यांनी डोकी खाजवली, पण एकालाही ते वाचता आलं नाही. लोक तर त्याला भीमाची काठी म्हणत होते.

ते लिखाण होतं सम्राट अशोकाचं! इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अफगाणिस्तानापासून कर्नाटकापर्यंत ज्याचं राज्य पसरलं होतं, त्या राजाचं. मग इतका मोठा राजा लोक विसरले कसे?

नाव अगदीच पुसलं गेलं नव्हतं. पुराणांतल्या राजांच्या यादीत ते होतं, श्रीलंकेतल्या बौद्ध ग्रंथांत तर त्याच्या कथाही होत्या. पण खांबावरची अक्षरं आणि कथांमधला अशोक यांचा धागा तुटला होता. अशोकानं आपले लेख ठिकठिकाणी मुख्यतः ब्राह्मी लिपीत कोरवले. लिहिणाऱ्यांची प्रत्येक पिढी अक्षरांचं वळण जरासं बदलते. एखादी रेघ लांबते, एखादी वाकते. तुम्ही आत्ता वाचताय ती देवनागरीही अशीच बदलत बदलत ब्राह्मीपासून आली आहे. हजार वर्षांत अक्षरं इतकी बदलली, की नातवंडांना आजोबा ओळखू येईनात!

आता येऊ या 1837 सालात. कोलकात्याच्या टांकसाळीत जेम्स प्रिन्सेप नावाचा इंग्रज अधिकारी नाण्यांतली चांदी पारखायचं काम करायचा. कामाव्यतिरिक्तचा वेळ जायचा जुन्या नाण्यांवरची आणि शिळांवरची अक्षरं जुळवण्यात. काही अक्षरं त्यानं आणि इतर अभ्यासकांनी आधी ओळखलीही होती, पण कोडं सुटत नव्हतं. अशात त्याच्याकडे सांचीच्या स्तूपाच्या दगडी कठड्यावरच्या लेखांचे ठसे आले. हे लेख छोटे छोटे होते, आणि त्यातले बरेचसे त्याच दोन अक्षरांनी संपत होते. दुसरं अक्षर म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ आणि पुढे एक टिंब.

आता तुम्हीच डोकं लढवा. देवळाच्या पायरीवर, बाकावर, घंटेवर काय लिहिलेलं असतं? देणाऱ्याचं नाव! प्रिन्सेपनं हाच विचार केला. मग शेवटचा शब्द ‘दानं’ असणार. त्याच्या आधी बहुतेक वेळा येणारं अक्षर ‘स’, म्हणजे आपला ‘चा-ची-चे’. अमक्याचं दान, तमकीचं दान! ‘द’, ‘न’ आणि ‘स’ पक्के झाले आणि कुलूप उघडलं. थोड्याच दिवसांत त्यानं दिल्लीचा खांब वाचायला घेतला.

पण खांबावर अशोक हे नावच नव्हतं. तिथे होतं ‘देवानंपिय पियदसि’, म्हणजे देवांचा लाडका प्रियदर्शी. हा कोण बुवा? प्रिन्सेपला आधी वाटलं, हा श्रीलंकेचा राजा असावा. मग श्रीलंकेत पाली ग्रंथ अभ्यासणाऱ्या जॉर्ज टर्नर या अधिकाऱ्यानं पुरावा शोधला, की चंद्रगुप्त मौर्याचा नातू अशोक यालाच पियदस्सी म्हणत. पुढे 1915 मध्ये कर्नाटकातल्या मस्की इथे सोन्याच्या खाणींच्या एका इंजिनिअरला शिलालेख सापडला. त्यावर तर चक्क ‘असोक’ असंच कोरलेलं होतं!

आणि हा राजा बोलतो तरी काय? एका लेखात तो म्हणतो, की पूर्वी माझ्या मुदपाकखान्यात रोज लाखो प्राणी मारले जायचे, आता फक्त दोन मोर आणि एक हरीण, आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत. दुसरीकडे सांगतो, मी जेवत असलो तरी लोकांची कामं माझ्यापर्यंत आणा. दिल्लीच्या खांबावर तर वडाची झाडं, आमराया, विहिरी आणि पाणपोया यांची यादीही आहे. आणि कलिंगच्या लढाईबद्दल तो लिहितो, की एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख माणसांना पकडून नेलं, याचं मला दुःख आहे. जिंकलेला राजा स्वतःच्या विजयाचं दुःख दगडावर कोरतो! मला अशोक मोठा वाटतो तो यासाठी.

आपल्या महाराष्ट्रातही त्याचा आवाज पोचला होता. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना नालासोपाऱ्याला त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. भगवानलाल मूळचे जुनागढचे. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचे लेख कोरलेली प्रचंड शिळा आहे. तरुणपणी प्रिन्सेपची अक्षरमाला हाताशी धरून ते ती वाचायला शिकले होते.

मग आज आपल्याला अशोक आठवतो का? झेंड्यावर त्याचं 24 आऱ्यांचं चक्र आहे, प्रत्येक नाण्यावर सारनाथच्या खांबावरचे त्याचे सिंह आहेत. पण त्यानं काय लिहिलं, ते किती जणांनी वाचलंय? माझं स्पष्ट मत आहे, की चित्र छापल्यानं किंवा पुतळा उभारल्यानं थोर माणसं आठवणीत राहत नाहीत. त्यांचे शब्द वाचणारं कुणीतरी लागतं.

हे काही फक्त ब्राह्मीचं नाही. शिवकाळातली आणि पेशवाईतली कितीतरी पत्रं मोडी लिपीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी आपल्या शाळांत शिकवत. आज ती वाचणारे फार थोडे उरले आहेत.

म्हणून सांगते, येत्या सुट्टीत दोन कामं करा. ब्राह्मीत स्वतःचं नाव लिहायला शिका. ‘क’ तर अगदी अधिकच्या चिन्हासारखा आहे! आणि घरातल्या जुन्या पेटीत मोडीतले कागद निघाले, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. लेण्यांत गेलात की भिंतीवर आपलं नाव मात्र कधीच कोरू नका. कदाचित तिथेच एखाद्या विसरलेल्या माणसाचं नाव अजून वाचायचं राहिलेलं असेल.