काझी कोण होणार?

जळगावात १९८२ साली मुस्लिम समाजातल्या काही पुढाऱ्यांनी हुकूम काढला, की बायकांनी थिएटरात जाऊन सिनेमा बघायचा नाही. पुरुषांनी बघितला तर चालणार होता. छात्र युवा संघर्ष वाहिनीतली तरुण कार्यकर्ती रझिया पटेल या बंदीविरुद्ध उभी राहिली. ‘चाहूल’ या आत्मकथनात तिने त्या दिवसांची हकिकत लिहिली आहे. सिनेमासारख्या क्षुल्लक गोष्टीसाठी एवढा विरोध ओढवून कशाला घ्यायचा, असं आज कुणाला वाटेल. पण भांडण तिकिटाचं नव्हतं. बाईने कुठे जायचं हे परस्पर ठरवण्याचा अधिकार या पुढाऱ्यांना दिला कुणी, असा तो सवाल होता. महाराष्ट्रातल्या मुस्लिम स्त्रियांची चळवळ गेली सहा दशकं या ना त्या रूपात तोच सवाल विचारते आहे.

सुरुवातीचा मोर्चा मराठी वाचकाला ठाऊक असतो. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना समान नागरी कायदा लावा, या त्यांच्या मागण्या. पुढे २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. बहिणीला मिळालेल्या तलाकाने अस्वस्थ झालेले सय्यदभाई याच मंडळात घडले. तलाक मिळालेल्या शाहबानोला पोटगी देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९८५च्या एप्रिलमध्ये लागला, त्यावर वादळ उठलं, आणि त्याच वर्षी मंडळाने कोल्हापूरहून नागपूरकडे तलाक मुक्ती मोर्चा काढला. वाटेत विरोध झाला. १९८६मध्ये संसदेने निकालाची धार बोथट करणारा कायदा केला.

या मंडळींचं धैर्य वादातीत आहे. मात्र त्यांची भाषा संविधानाची आणि बुद्धिवादाची होती, तर मोहल्ल्यातल्या बाईचं रोजचं जगणं नमाज, रोजे आणि मौलानांच्या सल्ल्यात गुंफलेलं. दलवाई तर आपल्यामागे दफन नको, धार्मिक विधी नकोत, असं सांगून गेलेले. त्यांचं म्हणणं पटलं तरी त्यांच्यामागे उघडपणे चालायला फार थोड्या बायका धजावल्या.

ही कोंडी नव्या शतकात दुसऱ्या वाटेने फुटली. २००७ साली झकिया सोमण, नूरजहाँ साफिया नियाझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाची स्थापना केली. त्यांनी संविधान सोडलं नाही, पण सोबत कुराणही हातात घेतलं. एका दमात तीनदा तलाक म्हणण्याची पद्धत कुराणात दाखवा, असं त्या मौलानांना विचारू लागल्या. नवरा-बायकोत बिनसलं तर दोन्ही घरांतला एकेक मध्यस्थ नेमा, असं सूरह निसामध्ये सांगितलं आहे. तलाकनंतर इद्दतीची, म्हणजे बाईने पुनर्विवाहाआधी थांबण्याची, मुदत पाळायची असते, तीही विचार बदलायला वाव देणारी. मग व्हॉट्सॲपवरचा तलाक कुठून आला? घरात बसलेल्या बाईला हा युक्तिवाद आपला वाटला, कारण तिला धर्म सोडून बाहेर यायला कुणी सांगत नव्हतं.

या संघटनेने २०१५ साली दहा राज्यांतल्या ४,७१० मुस्लिम स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. नव्वद टक्क्यांहून अधिक बायकांनी तोंडी एकतर्फी तलाक बंद व्हावा असं सांगितलं. पाहणी संघटनेचीच, म्हणून तिच्यावर टीकाही झाली. तरीही ‘आमच्या बायकांची काही तक्रार नाही’ हे पुरुषांचं पेटंट उत्तर त्यानंतर पूर्वीइतकं सहज देता येईना. त्याआधी संघटनेने नमुना निकाहनामा तयार केला होता. मुलगी अठराची आणि मुलगा एकवीसचा हवा, मेहर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, निदान त्याच्या वर्षभराच्या कमाईएवढी आणि निकाहाच्या वेळीच दिलेली. मेहरवर भर देणं मला फार शहाणपणाचं वाटतं. कागदावर किरकोळ रक्कम लिहायची, आणि पुढे तीही बायकोने माफ केली असं धरून चालायचं, हा प्रकार अनेक घरांत चालत आलेला आहे.

पुढचं पाऊल अधिक धाडसाचं होतं. निकाहाला लागतं ते दोघांचं कबूल, साक्षीदार आणि मेहर; तो लावणारा पुरुषच हवा अशी अट कुराणात नाही. २००८ साली लखनौत सय्यदा हमीद यांनी एक निकाह लावला तेव्हा उलेमांनी नापसंती दाखवली होती. आंदोलनाने मुंबईत दारुल उलूम-ए-निस्वाँ काढून स्त्री-काझी तयार करायला घेतल्या. कुराण, कौटुंबिक कायदा आणि संविधान या तिन्हींचं शिक्षण. काझी होण्यात मान आहेच, पण खरी किल्ली कागदपत्रांत आहे. तलाकनामा लिहून द्यायचा की नाही, मुलीचं वय तपासायचं की नाही, नवऱ्याची पहिली बायको आहे का हे विचारायचं की नाही, हे सगळं त्या टेबलावर ठरतं.

मुंबईच्या हाजी अली दर्ग्याचा लढा याच काळातला. दर्ग्याच्या ट्रस्टने बायकांना मजारीपर्यंत जायला बंदी केली होती, आणि ती बंदी परंपरेने चालत आलेली नव्हती. ज्या बायका पूर्वी आत गेल्या होत्या त्यांनाच अचानक अडवलं गेलं. नियाझ आणि सोमण उच्च न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती व्ही. एम. कानडे आणि रेवती मोहिते डेरे यांनी २६ ऑगस्ट २०१६ रोजी ही बंदी घटनेच्या कलम १४, १५ आणि २५ विरुद्ध ठरवली. सर्वोच्च न्यायालयात ट्रस्टने नमतं घेतलं आणि नोव्हेंबरअखेर बायका आत गेल्या.

धर्मप्रसाराच्या बाजूलाही तरुण मुलं-मुली आहेत, त्यांच्याकडे पुरोगामी लेखकांचं सहसा दुर्लक्ष होतं. जमाते इस्लामीच्या परिवारातली विद्यार्थी संघटना एसआयओ १९८२ सालची. मुलींसाठी गर्ल्स इस्लामिक ऑर्गनायझेशन आहे. इस्लामबद्दल मराठीतून पुस्तकं काढणं, कुराणाचा मराठी अनुवाद भेट देणं, ‘मशीद परिचय’ भरवून हिंदू शेजाऱ्यांना आत बोलावणं, वजू कसा करतात ते दाखवणं, अशी कामं या वर्तुळात चालतात. पुण्यात आझम कॅम्पसमधली मशीद अशी सर्वांना खुली झाली, आणि एप्रिल २०२०मध्ये तिथल्याच एका सभागृहात कोरोनाच्या विलगीकरणाची सोय उभी राहिली. या संघटनांतल्या हिजाबातल्या मुली माइक हातात घेतात, प्रश्नांना उत्तरं देतात, सभा चालवतात. दलवाईंच्या चष्म्यातून पाहिलं तर त्या मागे चालल्या आहेत. मला तसं सरसकट म्हणवत नाही. मात्र शेजाऱ्याला मशीद दाखवणाऱ्या संघटनांनी आपल्या बायकांना तिथे नमाजाला जागा आहे का, हेही सांगितलं पाहिजे. पुण्याच्या एका दांपत्याने २०१९ साली हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयात नेला. त्यावर मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्रात मान्य केलं, की स्त्रियांना मशिदीत नमाज पढायला इस्लामची मनाई नाही. मग गल्लीतल्या मशिदीत त्यांच्यासाठी दार का नसतं?

चळवळीत एकमत आहे असंही नाही. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी तिहेरी तलाक रद्द केला, तेव्हा सगळ्याच गटांना आनंद झाला. २०१९च्या कायद्याने नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली तेव्हा फाटे फुटले. महिला आंदोलनाने कायद्याचं स्वागत केलं. हसीना खान यांच्या बेबाक कलेक्टिव्हने कैदेला विरोध केला. नवरा तुरुंगात गेला तर पोटगी देणार कोण, हा त्यांचा प्रश्न मला अजूनही बिनतोड वाटतो.

या गटांहून धाकट्या पिढीचं वेगळंच चाललं आहे. मुंब्र्यात ‘परचम’ या संस्थेने मुलींना फुटबॉल खेळायला उतरवलं, आणि त्या मुली मैदान मागायला लोकप्रतिनिधींपर्यंत गेल्या. नागपाड्यात २६ जानेवारी २०२०च्या रात्री नागरिकत्व कायद्याविरुद्ध ‘मुंबई बाग’ सुरू झाली. बायका पोराबाळांसह रस्त्यावर बसल्या, कोरोना येईपर्यंत.

मराठी वाचकाकडे एक मागणं आहे. मुस्लिम बाई आपल्या अंकांत येते ती बहुधा तलाकपुरती. तिच्याकडून कुराणाचा अर्थ, निकाहनाम्याचा मसुदा, खेळाच्या मैदानाचा अर्ज हेही ऐकून घ्या. आणि तुमच्या गावात मशीद परिचय असेल तर जरूर जा, आत बायकांची जागा कुठे आहे ते विचारा.