डोळा का लवतो?

परीक्षा तोंडावर आली आहे, जागरणे चालू आहेत आणि अचानक तुमचा डावा डोळा लवू लागतो. मुलगी असाल तर आजी म्हणेल, "चांगलं आहे हो!" मुलगा असाल तर तीच आजी काळजीत पडेल. पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा डोळा लवणे शुभ, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. वाल्मीकी रामायणात अशोकवनातील सीतेचा डावा डोळा लवतो, तो शुभशकुन. कालिदासाच्या 'शाकुंतल' नाटकात राजदरबारी शकुंतलेचा उजवा डोळा लवतो आणि दुष्यंत तिला ओळखत नाही. चीनमध्ये मात्र डावा लवला तर धनलाभ, उजवा लवला तर संकट असे मानतात. म्हणजे उजवा डोळा लवणारा पुरुष भारतात भाग्यवान आणि चीनमध्ये अभागी!

वास्तविक लवतो तो डोळा नव्हे, पापणी. डोळ्याभोवती कड्यासारखा एक पातळ स्नायू असतो. चेहऱ्याच्या मज्जातंतूकडून संदेश आला की तो आकुंचन पावतो आणि पापणी मिटते. कधी कधी या मज्जातंतूचे काही धागे आपोआपच संदेश सोडू लागतात आणि स्नायूचा थोडासा भाग थरथरतो, बहुधा खालच्या पापणीत. आपल्याला वाटते, सगळ्यांना दिसत असेल. आरशात पाहा, हालचाल जेमतेम दिसेल.

अपुरी झोप, थकवा, मानसिक ताण, जादा चहा-कॉफी यांच्याशी या लवण्याचा संबंध आढळतो. आता विचार करा, या गोष्टी एकत्र केव्हा येतात? परीक्षा, लग्नघर, घरातले आजारपण अशा वेळी. ज्या दिवसांत बरेवाईट काही घडण्याचा संभव असतो, नेमक्या त्याच दिवसांत पापणी लवते. म्हणून शकुन खरा ठरल्यासारखा वाटतो. लवूनही काहीच न घडलेले दिवस कोण लक्षात ठेवतो? हवे तर वर्षभर वहीत नोंद करा: तारीख, बाजू, आदल्या रात्रीची झोप आणि पुढे काय घडले ते.

पुरेशी विश्रांती मिळाली की हे लवणे बहुधा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत थांबते. मात्र दोन्ही डोळे आपोआप घट्ट मिटू लागले, किंवा लवणे गालाकडे व ओठांच्या कोपऱ्याकडे पसरले, तर शकुन-अपशकुन बोलत न बसता डॉक्टरांना दाखवावे. दुसऱ्या प्रकारात बहुधा एखादी रक्तवाहिनी मेंदूजवळ त्या मज्जातंतूवर दाब देत असते. या दोन्ही विकारांवर चक्क एक विष उपयोगी पडते! दूषित अन्नातून पोटात गेल्यास प्राणघातक ठरणारे बोट्युलिनम विष अत्यल्प मात्रेत स्नायूत टोचले की आकुंचन थांबते. पापण्या घट्ट मिटण्याच्या विकारासाठी अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. परिणाम साधारण तीन महिने टिकतो, मग ते पुन्हा टोचावे लागते.