अल्प स्मृतीचा संगणक, लिनक्स आणि देवनागरी लेखन

भारतीय भाषांच्या अभ्यासकाचे लेखनसाधन पुष्कळदा जुनेच असते. एखाद्या संशोधन-प्रकल्पाच्या अखेरीस हाती उरलेला, किंवा घरातील दुसऱ्या कोणी वापरून बाजूला ठेवलेला लॅपटॉप वर्षानुवर्षे त्याच्या मेजावर असतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार संपुष्टात आला. तिच्या पुढील आवृत्तीस किमान चार गिगाबाइट स्मृती आणि तुलनेने नवे यंत्र लागते. त्यामुळे जे यंत्र मोडलेले नाही तेही निरुपयोगी ठरविले जाते. अशा यंत्रावर लिनक्स ही मुक्त प्रणाली चालविता येते, ही गोष्ट आता बरीच परिचित आहे. तथापि ते कसे साधते, आणि देवनागरीत लिहिणाऱ्यास त्यात कोणता वेगळा विचार करावा लागतो, याचे विवेचन क्वचितच आढळते. २००८ च्या सुमाराचा, एक गिगाबाइट स्मृती असलेला लॅपटॉप उदाहरणादाखल समोर ठेवल्यास या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते.

१. स्मृती कशात खर्च होते

संगणकाच्या बोलीत जिला रॅम म्हणतात ती स्मृती म्हणजे वाचकाचे मेज होय. हार्ड डिस्क हे फडताळ. फडताळात हजारो ग्रंथ मावतात, पण वाचावयाचे ते मेजावर आणावे लागतात. मेज लहान असेल तर प्रश्न एवढाच उरतो, की त्यावर जागा अडवून कोण बसले आहे?

येथे एक हिशेब उद्बोधक ठरतो. ज्ञानेश्वरीत सुमारे ९,००० ओव्या आहेत. एका ओवीत सरासरी ७५ वर्णचिन्हे धरली, आणि यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात हे लक्षात घेतले, तर संपूर्ण ग्रंथाची संहिता सुमारे दोन मेगाबाइटमध्ये सामावते. याउलट, एखाद्या हस्तलिखिताचे ए-४ आकाराचे एकच पान, इंचाला ३०० बिंदू या प्रमाणात रंगीत चित्र म्हणून घेतले, तर त्यात सुमारे ८७ लक्ष बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूस तीन बाइट लागतात. डिस्कवर ती फाइल दाबून लहान केलेली असली, तरी पडद्यावर दाखविण्यासाठी ती उलगडावी लागते, आणि त्या वेळी ती सुमारे २६ मेगाबाइट जागा व्यापते. म्हणजे एका पानाचे चित्र अख्ख्या ज्ञानेश्वरीच्या बारा-तेरा पट होते. तेच पान केवळ काळ्या-पांढऱ्या बिंदूंत घेतले तर एक मेगाबाइटच्या आसपास पुरते.

यावरून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. संहिता ही संगणकाला जड नसते. जड असतात ती चित्रे, सजावट आणि विशेषतः ब्राउझर. आजच्या ब्राउझरमधील एकेक उघडे पान शंभर ते कित्येक शे मेगाबाइट स्मृती सहज व्यापू शकते. शब्दांवर काम करणाऱ्यास लहान मेज पुरते, मात्र त्यावर काय मांडावयाचे याची निवड त्याने स्वतः केली पाहिजे. लिनक्सचे वैशिष्ट्य हे, की ही निवड ती वापरणाऱ्याच्या हाती ठेवते.

२. लिपीने ठरविलेली किमान मर्यादा

जुन्या यंत्रांविषयीच्या इंग्रजी मार्गदर्शनात एक सल्ला वारंवार आढळतो : चित्रमय पडदा काढून टाकावा आणि केवळ अक्षरांच्या काळ्या पडद्यावर काम करावे. तेवढ्यास शंभर-सव्वाशे मेगाबाइट स्मृती पुरे होते. रोमन लिपीत लिहिणाऱ्यास हा सल्ला उपयोगी आहे. देवनागरीत लिहिणाऱ्यास तो लागू पडत नाही.

याचे कारण लिपीच्या घडणीत आहे. रोमन अक्षरे एकापुढे एक मांडली की शब्द होतो. देवनागरीत साठविलेला क्रम आणि दिसणारा क्रम भिन्न असू शकतात. ‘कि’ या अक्षरात आधी क साठविला जातो व नंतर ऱ्हस्व वेलांटी. पण पडद्यावर वेलांटी आधी दिसते. ‘धर्म’ मधील र साठविताना म च्या आधी येतो, दिसताना त्याच्या माथ्यावर चढतो. मराठीत तर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हा भेद अर्थभेद आहे : एक समुद्र, दुसऱ्या डोंगरांतील घळी. हे सर्व घडवून आणणारा, अक्षरांची जुळणी करणारा स्वतंत्र कार्यक्रम असावा लागतो; लिनक्सवर हे काम मुख्यतः हार्फबझ नावाचा कार्यक्रम करतो. अक्षरांच्या मूळ काळ्या पडद्यावर फार तर ५१२ आकृती मावतात आणि जुळणीची सोय नसते. बंगाली, कन्नड, मल्याळम या लिप्यांनाही हीच अडचण येते.

१९९१ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्याच वर्षी लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी हेलसिंकी येथून लिनक्सची घोषणा केली, युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि भारतीय लिप्यांसाठी इस्की हे राष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. परंतु संकेत ठरणे आणि तो पडद्यावर शुद्ध उमटणे या दोहोंमध्ये पुष्कळ वर्षांचे अंतर पडले.

तेव्हा मराठी लेखकाला चित्रमय पडदा अपरिहार्य आहे; पण तो साधा असू शकतो. ग्नोमसारखी भरजरी मांडणी टाळून एलएक्सक्यूटी, एक्सएफसीई किंवा केवळ ओपनबॉक्स निवडल्यास प्रणाली काही शे मेगाबाइटमध्ये उभी राहते. त्यावर माउसपॅड किंवा जिअॅनी यांसारखा साधा संपादक देवनागरी शुद्ध दाखवितो. इन्स्क्रिप्ट कळफलक प्रणालीच्या मूळ सोयीतच असल्याने त्यासाठी वेगळा कार्यक्रम सतत जागा ठेवण्याची गरज पडत नाही. ध्वनिलेखनाच्या साधनांना मात्र तशी जागा लागते.

३. मोकळी स्मृती आणि उपलब्ध स्मृती

स्मृतीचा हिशेब पाहण्यासाठी लिनक्समध्ये ‘फ्री’ ही आज्ञा आहे. नवख्यास तिचे उत्तर पाहून धक्का बसतो. कारण ‘मोकळी’ म्हणून दाखविलेली स्मृती फारच थोडी असते. वस्तुतः लिनक्स रिकामी जागा वाया जाऊ देत नाही. अलीकडे वाचलेल्या फाइली ती तेथे ठेवते आणि गरज पडताच जागा सोडते. म्हणून ‘मोकळी’ हा रकाना न पाहता ‘उपलब्ध’ हा रकाना पाहावा.

खरी अडचण उपलब्ध स्मृती संपते तेव्हा येते. त्या वेळी प्रणाली न लागणारा मजकूर डिस्कवरील राखीव जागेत हलविते; या जागेस स्वॅप म्हणतात. फिरत्या हार्ड डिस्कला एक मजकूर शोधण्यास सुमारे दहा सहस्रांश सेकंद लागतात; रॅमच्या तुलनेत हा वेग सुमारे लाखपट कमी. यंत्र ‘गोठल्या’चा जो अनुभव येतो तो याच ये-जा करण्यातून. त्यावर झेडरॅम हा उपाय चांगला आहे : न लागणारा मजकूर डिस्कवर न पाठविता तो रॅममध्येच दाबून ठेवला जातो आणि बहुधा मूळच्या निम्म्या किंवा त्याहून कमी जागेत मावतो. २०१४ पासून ही सोय लिनक्सच्या गाभ्याचा भाग आहे.

एवढ्यानेही भागले नाही, तर गाभा एखादा कार्यक्रम बळाने बंद करतो. तो कार्यक्रम ब्राउझर असेल तर हानी थोडी. संपादक असेल तर न जतन केलेले लेखन जाते. म्हणून अल्प स्मृतीच्या यंत्रावर लिहिताना ब्राउझर बंद ठेवणे आणि लेखन वारंवार जतन करणे, हे आवश्यक नियम मानले पाहिजेत.

४. प्रणाली बदलण्यापूर्वी

जुन्या यंत्रात जुन्या संहिताही असतात. युनिकोड रूढ होण्यापूर्वी टंकलेले पुष्कळसे मराठी साहित्य विशिष्ट फॉन्टांवर अवलंबून आहे. त्या फाइलींत देवनागरी नसते. रोमन चिन्हांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले असतात. फॉन्ट नाहीसा झाला की प्रबंध, शब्दसूची, मुलाखती, सर्व अर्थहीन चिन्हांची रांग होते. म्हणून डिस्क पुसण्यापूर्वी अशा फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करून, विशेषतः रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘ऱ्य’ ही स्थळे मूळाशी ताडून घ्यावीत. संहिता-चिकित्सेची सवय असलेल्या अभ्यासकास हे काम परके वाटू नये.

या मार्गाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ज्यांचा प्रक्रियक केवळ ३२ बिटांचा आहे अशा यंत्रांना आधार देणाऱ्या प्रणाली कमी होत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने त्यांच्यासाठी प्रतिष्ठापनेची सोय बंद केली. अनेक पाने एकाच वेळी उघडून आंतरजालावर शोध घेणे, चलच्चित्रे पाहणे, रंगीत हस्तलिखितांचे मोठे संच चाळणे, ही कामे एक गिगाबाइटच्या यंत्राकडून अपेक्षू नयेत. पण संहिता टंकणे, पाठभेद नोंदविणे, शब्दसूची करणे, प्रबंध लिहिणे ही वाङ्मयाभ्यासाची मूळ कामे तेथे निर्वेध चालतात. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील एका खेड्यातील शाळेत मुलांच्या हाती दिलेले लहान लॅपटॉप केवळ २५६ मेगाबाइट स्मृतीवर लिनक्स चालवीत होते. त्याच्या चौपट स्मृती हाती असताना एखादे यंत्र अडगळीत टाकावयाचे की नाही, हा निर्णय विक्रेत्याच्या दिनदर्शिकेवरून न करता, त्यावर कोणते काम करावयाचे आहे यावरून करणे इष्ट होय.